मशीन आपलं, पण मेंदूचा नकाशा कुणाचा?

रील करताना कुत्र्याच्या कानांचा फिल्टर लावलाय ना कधी? मान वळवली तरी कान डोक्यावरून घसरत नाहीत आणि ती लांब जीभ बरोबर तोंडातूनच बाहेर येते. हे जमतं कारण फोन चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागा शोधत असतो. डोळ्याचा कोपरा, नाकाचं टोक, ओठांची कड. गूगलचं मीडियापाइप नावाचं टूल एका चेहऱ्यावर अशा ४६८ जागा पकडतं, तेही साध्या फोनच्या कॅमेऱ्यावर आणि लाइव्ह.

हेच काम एमआरआय सेंटरमध्येही चालतं. फरक इतकाच की तिथे चेहऱ्याऐवजी मेंदू असतो. फिल्टरचा कान दोन मिलिमीटर सरकला तर आपण हसतो आणि पुढचा फिल्टर लावतो. मेंदूतली जागा दोन मिलिमीटर चुकली, तर काही पेशंटच्या बाबतीत ऑपरेशनचा निकाल बदलू शकतो.

आत्ता हा विषय काढायचं कारण म्हणजे मार्च २०२५ मधली एक बातमी. मुंबईत पवईच्या आयआयटी कॅम्पसमध्ये 'समीर' नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. तिने दिल्लीच्या एम्सशी करार केला आणि देशात बनवलेलं १.५ टेस्लाचं एमआरआय मशीन चाचणीसाठी एम्समध्ये बसवायचं ठरलं. आपल्याकडची बहुतेक एमआरआय मशीन बाहेरून येतात आणि किंमत कोटींत असते, त्यामुळे बातमी खरंच मोठी आहे. सोशल मीडियावर 'मेड इन इंडिया'चा गजर झाला, तो व्हायलाच हवा होता. पण मशीन म्हणजे फक्त चुंबक आणि कॉइल नाही. फोटो निघाल्यावर त्यात कुठे काय आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअरही लागतं. ते सॉफ्टवेअर ज्या मेंदूंवर शिकलं, ते मेंदू कुणाचे होते?

दोन ठिपके, बाकी सगळं त्यांच्यावरून

आपण घरचा पत्ता सांगताना अक्षांश-रेखांश सांगत नाही. 'मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पिठाची गिरणी लागेल, तिच्या समोरचं घर' असं सांगतो. देऊळ आणि गिरणी यांना इंग्रजीत लँडमार्क म्हणतात. मेंदूतही तसंच आहे. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार वेगळा, मशीनमध्ये झोपताना मान थोडी वाकडी झालेली, स्कॅनचे कापही वेगवेगळ्या कोनातून घेतलेले. मग माझ्या मेंदूतली जागा आणि तुमच्या मेंदूतली जागा जुळवायची कशी? त्यासाठी प्रत्येक मेंदूत सापडणारी देवळं लागतात.

सगळ्यात प्रसिद्ध देवळं दोन. अँटीरियर कमिशर आणि पोस्टीरियर कमिशर. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारे हे तंतूंचे दोन छोटे दुवे, एक पुढचा आणि एक मागचा. डॉक्टर त्यांना थोडक्यात एसी आणि पीसी म्हणतात. (होय, एकाने गारवा मिळत नाही आणि दुसऱ्यावर गेम चालत नाही.) मेंदू बरोबर मधून कापल्यासारखा दिसणारा स्कॅन असतो ना, त्यात एसी म्हणजे एक छोटासा पांढुरका गोल ठिपका. दोघांमधलं अंतर साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाएवढं.

या दोन ठिपक्यांतून रेषा ओढायची कल्पना पॅरिसचे न्यूरोसर्जन झाँ तालेराक यांची. त्या काळी एमआरआय नव्हतं, त्यामुळे मेंदूच्या आतलं थेट दिसत नसे. एसी-पीसी रेषा सापडली की बाकीच्या भागांचे पत्ते तिच्यावरून मोजता येतात, असं त्यांनी मांडलं. त्यांचा आणि पिएर तुर्नू यांचा १९८८ सालचा ॲटलास पुढे जगभर वापरला गेला. गंमत म्हणा किंवा अडचण म्हणा, तो ॲटलास एकाच मेंदूवर आधारलेला होता. साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या, तिच्या मृत्यूनंतर अभ्यासलेल्या मेंदूवर.

एका व्यक्तीच्या घराचा प्लॅन घेऊन अख्ख्या जगातल्या घरांत स्वयंपाकघर शोधत फिरायचं, तसं हे. बहुतेक वेळा सापडतंही, कारण घरं बऱ्यापैकी सारखी असतात. बहुतेक वेळा.

मग कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने एकाऐवजी अनेकांची सरासरी काढली. त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध साच्यात ३०५ जणांचे स्कॅन होते. २३९ पुरुष, ६६ स्त्रिया, सगळे उजवे आणि सरासरी वय २३ च्या आसपास. त्यानंतर १५२ जणांचा 'एमएनआय-१५२' आला. आज मेंदूवरचा कुठलाही रिसर्च पेपर उघडा, त्यातले आकडे बहुधा याच साच्याच्या भाषेत असतात. म्हणजे मेंदूच्या जगाचं ग्रीनिच माँट्रियलमध्ये आहे. आणि एसी-पीसी जुळवून बघितलं तर हा साचा तालेराकच्या मेंदूपेक्षा आकाराने मोठा निघतो. दोन पट्ट्या आणि दोन्हींचे इंच वेगळे.

एक मिलिमीटर म्हणजे किती

'एवढ्या बारीक फरकाने काय होतं' हा प्रश्न साहजिक आहे. म्हणून एकच उदाहरण नीट बघू.

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स. गोळ्यांचा असर टिकेनासा झाला की काही पेशंटवर डीप ब्रेन स्टिम्युलेशन करतात. मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवायची आणि छातीत त्वचेखाली ठेवलेल्या उपकरणातून तिला वीज द्यायची. फ्रान्समधल्या ग्रनोब्लचे अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये याची सुरुवात केली. आज भारतातही मोठ्या शहरांत हे ऑपरेशन होतं.

तार न्यायची असते सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात. काही मिलिमीटरचाच तो भाग, डाळीच्या दाण्याएवढा समजा. त्याचा जुना पत्ता असा: एसी आणि पीसी यांच्या बरोबर मधल्या बिंदूवर या, तिथून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला, ३ मिलिमीटर मागे आणि ४ मिलिमीटर खाली. झालं, पोहोचलात.

आता समजा पीसीची खूण वर-खाली ३ मिलिमीटर चुकली. मधला बिंदू दीड मिलिमीटर सरकला. शिवाय २५ मिलिमीटरची रेषा सुमारे सात अंशांनी कलली, म्हणजे 'मागे' आणि 'खाली' या दिशाच फिरल्या. नेहमी वापरली जाणारी तार साधारण १.२७ मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे चूक तारेच्या जाडीपेक्षा मोठी. अशी तार शेजारच्या भागात वीज सोडू लागली की बोलणं अडखळू शकतं, स्नायू ओढले जाऊ शकतात.

इथे घाबरवायचा हेतू नाही. सर्जन एवढ्याच गणितावर तार टाकत नाहीत. आधुनिक एमआरआयमध्ये तो भाग थेट बघता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच तिथल्या पेशींचे विद्युत सिग्नल ऐकून खात्री करतात. पण सुरुवातीचा पत्ता जितका बरोबर, तितकी पुढची शोधाशोध कमी.

रोजच्या वापरातलं उदाहरण यापेक्षा साधं आहे. गेल्या वर्षी मामांना घेऊन एमआरआयला गेलो होतो. काचेपलीकडे टेक्निशियन दादांच्या स्क्रीनवर आधी धुरकट चित्र आलं आणि त्यावर पिवळ्या रेषांची चौकट आपोआप जाऊन बसली. "हे मशीनच करतं का?" मी विचारलं. "नव्यावर करतं. जुन्यावर आम्हीच ओढायचो. एक पेशंट, तीन टेक्निशियन, तीन कोन," ते म्हणाले. आणि तरीही माउसने चौकट किंचित फिरवलीच.

हीच ती खुणा शोधण्याची सिस्टीम. सीमेन्सची ऑटोअलाइन, फिलिप्सची स्मार्टएक्झाम, अशी प्रत्येक कंपनीची आपापली. फायदा असा की सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तरी काप त्याच कोनातून निघतात, त्यामुळे गाठ वाढली की नुसती तिरकी दिसतेय हा घोळ होत नाही.

कॉम्प्युटर ठिपका शोधतो कसा

एका साध्या थ्रीडी स्कॅनमध्ये २५६ × २५६ × १७६ एवढे छोटे घनाकृती ठोकळे असतात. पिक्सेलचा हा थ्रीडी भाऊ, त्याला व्हॉक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर सुमारे एक कोटी पंधरा लाख. त्यातला एक ठोकळा एसीचा.

पहिली पद्धत चिकटवण्याची. तयार साचा घ्यायचा आणि पेशंटच्या स्कॅनवर बसेपर्यंत ताणायचा, दाबायचा, फिरवायचा. बसला की साच्यावरच्या खुणा पेशंटच्या मेंदूवर उतरतात. ब्लाउज शिवताना दुसरा जुना ब्लाउज मापाला देतात ना, तसं. जुनं माप जवळपासचं असेल तर उत्तम बसतं.

दुसरी पद्धत आजची, डीप लर्निंगची. जाणकारांनी हाताने खुणा केलेले शेकडो स्कॅन नेटवर्कला दाखवायचे. ते 'हा बिंदू' असं एकदम बोट ठेवत नाही, तर प्रत्येक व्हॉक्सेलवर 'इथे असण्याची शक्यता किती' असा रंगीत ढग तयार करतं. पावसाच्या ॲपवरच्या नकाशासारखा. ढग सगळ्यात गडद जिथे, तिथे खूण.

तिसरी मला सगळ्यात आवडते, कारण ती सरळ गेमिंगमधून आली. डीपमाइंडच्या ज्या तंत्राने २०१५ मध्ये अटारीचे ४९ जुने व्हिडिओ गेम खेळून दाखवले, तेच तंत्र मेंदूत सोडलं. एक 'खेळाडू' स्कॅनमध्ये कुठेतरी उभा राहतो. त्याच्याकडे सहा बटणं: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, पुढे, मागे. एसीच्या जवळ गेलं की गुण मिळतात, लांब गेलं की कापले जातात. हजारो डाव खेळून तो वाट शिकतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१९ मध्ये हे एसी-पीसीवर तपासलं. स्कॅन होते 'ॲडनी' या उपक्रमाचे. हा अल्झायमर्सवरचा अमेरिका-कॅनडातला उपक्रम आहे आणि त्यात ५५ च्या पुढची माणसं असतात.

म्हणजे एका साच्यात माँट्रियलची पंचविशीतली पोरं आणि एका प्रयोगात उत्तर अमेरिकेतले आजी-आजोबा. यात त्यांची चूक नाही. त्यांनी मेहनतीने डेटा जमवला आणि संशोधकांना खुला केला, म्हणून जग तो वापरतं. आपला सोलापूरचा दहा वर्षांचा मुलगा किंवा गडचिरोलीची चाळिशीतली बाई त्यात नाही, कारण आपण तेवढं जमवून दिलेलं नाही.

मग भारतीय मेंदू वेगळा आहे का?

ऑक्टोबर २०१९ मध्ये यावर मथळे झळकले होते: 'भारतीयांचा मेंदू लहान!' व्हॉट्सॲपवर त्याचे विनोदही फिरले. मूळ गोष्ट अशी. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेबरोबर १०० तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून एक ॲटलास बनवला. ५० पुरुष, ५० स्त्रिया, वय २१ ते ३०. त्यांची सरासरी उंची, रुंदी, आकारमान पाश्चात्त्य आणि चिनी ॲटलासपेक्षा कमी आलं. इतकंच. आकारमानाचा हुशारीशी संबंध जोडणं हा मथळेवाल्यांचा उद्योग. ॲटलास बनवणाऱ्यांचा मुद्दा वेगळा होता: मापाचा साचा आपला नसेल, तर 'मेंदू आक्रसलाय' असा निष्कर्ष नॉर्मल माणसाबद्दलही निघू शकतो.

त्यानंतर बेंगळुरूच्या निमहान्सच्या पुढाकाराने ६ ते ६० वर्षांपर्यंतचे, वयोगटांनुसार पाच भारतीय साचे आले. माझ्या मते हे काम त्या मथळ्यापेक्षा खूप महत्त्वाचं, पण त्याचे मीम झाले नाहीत.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. 'परदेशी साचा म्हणजे सगळं चूक' असं म्हणणारे अर्धंच सांगतात. एसी हा एसीच असतो, पुण्यात असो की पॅरिसमध्ये. नुसता लहान-मोठा फरक तर सॉफ्टवेअर ताणून-दाबून सहज भरून काढतं. खरी अडचण निरोगी मेंदूंची नाहीच, ती आजारी मेंदूंची आहे. आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूतल्या जंतांच्या गाठी, आणि टीबीच्या गाठी भरपूर दिसतात. अशा गाठीभोवती सूज येते, मधली रेषा एका बाजूला ढकलली जाते, कधी पाणी साठून आतल्या पोकळ्या फुगतात. देऊळच सरकलेलं असतं. ज्या खेळाडूने फक्त सरळ रस्ते बघितलेत, तो इथे वाट चुकतो. आणि तो चुकला तरी 'मला माहीत नाही' असं म्हणत नाही. आत्मविश्वासाने भलत्याच जागी ठिपका ठेवतो.

यावर कंपन्या 'सरासरी चूक फक्त एक मिलिमीटर' असा आकडा दाखवतात. हा आकडा फसवा असू शकतो. हिशोब करून बघा. समजा १०० पेशंट आहेत. ९८ जणांत चूक ०.८ मिलिमीटर आणि उरलेल्या दोघांत तब्बल १५. सरासरी येते १.०८. ब्रोशरवर मस्त दिसेल. पण त्या दोघांचं काय? आणि ते दोघं बहुधा तेच असतील, ज्यांचा मेंदू शिकवणीतल्या मेंदूंपेक्षा वेगळा आहे. त्यामुळे सरासरीबरोबर सगळ्यात मोठी चूक किती आणि कुणाच्या बाबतीत, हे छापायची सक्ती हवी. मोबाइल घेताना आपण फक्त 'ॲव्हरेज बॅटरी' बघत नाही, हीटिंगचे रिव्ह्यूही वाचतो.

तपासायची साधनं आहेत. कॅनडाच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१९ मध्ये मेंदूतल्या ३२ खुणांची एक यादी आणि त्या हाताने कशा लावायच्या याची पद्धत खुली केली. शिकलेला माणूस या खुणा एक-दोन मिलिमीटरच्या आत लावू शकतो. त्यांना आढळलं की 'दोन मेंदू किती टक्के जुळले' या नेहमीच्या मापात जी चूक दिसतच नाही, ती या ३२ ठिपक्यांत उघडी पडते. आपल्या नव्या मशीनच्या चाचणीत चित्र स्वच्छ आलं का हे बघतीलच. त्याबरोबर अशा खुणा भारतीय पेशंटवर, गाठी असलेल्या मेंदूंवर तपासल्या तर मशीन खऱ्या अर्थाने आपलं होईल.

दुसरा मार्गही खुला होतोय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं सिंथसेग नावाचं खुलं सॉफ्टवेअर खोट्या, कॉम्प्युटरने बनवलेल्या स्कॅनवर शिकलं. मुद्दाम विचित्र कॉन्ट्रास्ट, धूसर चित्रं, वेडेवाकडे आकार. त्यामुळे न बघितलेल्या मशीनच्या स्कॅनवरही ते बऱ्यापैकी चालतं. त्याचं काम मेंदूचे भाग रंगवून वेगळे करण्याचं आहे, पण युक्ती खुणा शोधण्यालाही लागू पडते. तरी टीबीची गाठ हुबेहूब बनवायला आधी खऱ्या गाठी बघाव्याच लागतात.

तुमचा स्कॅन, तुमचा चेहरा

म्हणजे शेवटी गोष्ट येते डेटावर. भारतीय मेंदूंचे स्कॅन हवेत, तर भारतीयांनी ते द्यायला हवेत. नाव काढून टाकलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

पण डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदूबरोबर त्वचाही येते. नाक, कपाळ, गाल, हनुवटी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ जणांच्या एमआरआयवरून थ्रीडी चेहरे तयार केले आणि बाजारात मिळणाऱ्या फेस रेकग्निशन सॉफ्टवेअरला त्यांच्या फोटोंशी जुळवायला दिले. ७० जण पहिल्याच फटक्यात बरोबर ओळखले गेले. ८३ टक्के! नाव काढून टाकलेलं असताना.

यावर उपाय 'डीफेसिंग', म्हणजे स्कॅनमधून चेहरा पुसून टाकणं. आणि ते कसं करतात? आधी खुणा शोधून. मेंदू कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो हे साचा जुळवून ठरवतात आणि पुढचा भाग उडवतात. इथेही साचा नीट बसला नाही तर नाक शिल्लक राहतं किंवा मेंदूचा तुकडा जातो.

त्यामुळे पुढच्या वेळी घरच्या कुणाला एमआरआयला नेलंत आणि सह्यांच्या कागदांत 'संशोधनासाठी वापर' अशी ओळ दिसली, तर लगेच नाही म्हणू नका आणि न वाचता सहीही करू नका. स्कॅन कुणाकडे जाणार, चेहरा पुसणार का, आणि नंतर नाही म्हणायचं ठरवलं तर काय, एवढं विचारा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायच्या हक्काची तरतूद आहे.

आणि घरी मिळालेली सीडी किंवा लिंक 'फ्री एआय रिपोर्ट' देणाऱ्या कुठल्याही साइटवर टाकू नका. त्या डायकॉम फाइल्सच्या आत नाव, जन्मतारीख, सेंटरचं नाव सगळं लिहिलेलं असतं. बघायचीच हौस असेल तर लॅपटॉपवर ऑफलाइन चालणारा डायकॉम व्ह्यूअर टाका, मधला उभा काप उघडा आणि तो पांढुरका ठिपका स्वतः शोधा. मामांचा एसी मला चौथ्या प्रयत्नात सापडला, आणि तोही बरोबर आहे की नाही हे डॉक्टर मैत्रिणीलाच विचारावं लागलं. तिने तो दीड मिलिमीटर मागे सरकवला.